वारा घेणारा

५ जानेवारी १९६४, रविवार. नागाव

हेडमास्तरांकडून वाचनालयाची चावी घेतली आणि दुपारभर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडत बसले. दिल्लीत खेळाडूंना राष्ट्रीय पुरस्कार देऊ लागून तीन वर्षे झाली. तिन्ही याद्या शोधून वहीत उतरवल्या. क्रिकेट आहे, हॉकी आहे, कुस्ती आहे. पटापुढे बसून खेळायचे बुद्धिबळसुद्धा आहे. सायकल नाही. बुद्धिबळाला मान मिळतो याचे मला वाईट वाटत नाही. पण शंभर मैल पायडल मारणाऱ्याने कुणाचे काय घोडे मारले आहे?

आमच्या शेजारच्या हरेश्वरदादाने अखिल भारतीय शंभर मैलांची शर्यत तीनदा जिंकली. एकदा नागपूरला, एकदा जबलपूरला, एकदा पतियाळाला. आज तो अलिबागच्या कचेरीत हंगामी शिपाई आहे. फायली पोचवतो, तेही सायकलवरूनच. मुंबईचा एक कारखाना त्याला आपल्या सायकल संघात नोकरी द्यायला तयार आहे, पण तिथले साहेब म्हणतात, राष्ट्रीय मान्यतेचा काही कागद आणा. हरेश्वरदादा एकोणतीस वर्षांचा झाला. कारखाना तिशीनंतर कुणाला घेत नाही.

या पुरस्कारासाठी हरेश्वरदादाचा अर्ज मी लिहिणार. घरातली पहिली बी.ए. झाले ती काय नुसती हजेरी घ्यायला?

७ जानेवारी

अर्जासाठी टिपणे काढायला बसले आणि भलतेच आठवत राहिले.

मी चौथीत असताना रेवदंड्याच्या बेकरीतून अलिबागपर्यंत पाव सायकलवर जायचा. हरेश्वरदादा आणि माझा भाऊ सदूदादा, दोघेच. पत्र्याच्या दोन पेट्या, दोन सायकली. तांबडे फुटायच्या आत ते आमच्या दारावरून जायचे आणि त्यांच्या मागे गरम पावाचा वास कितीतरी वेळ माडांखाली रेंगाळायचा. त्या वासानेच मला जाग यायची. शाळेच्या दिवसांत सदूदादा परतीच्या फेरीला मला दांडीवर बसवून घ्यायचा. रिकामी पेटी मागे खडखडायची आणि मी पाढे म्हणायची.

आता पाव एस.टी.च्या टपावरून येतो. दादाचे नाक्यावर सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. पाव तोच आहे म्हणतात. मला तसे वाटत नाही.

१२ जानेवारी, रविवार

आज हरेश्वरदादाला दुकानात गाठले. मी वही उघडून बसले. सदूदादा घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता.

"नागपूरच्या शर्यतीचं सांग," मी म्हटले.

"काय सांगू? सदू पुढं होता."

"पहिला तू आलास ना?"

"आलो की."

"मग दादा पुढं कसा?"

"पाऊणशे मैल पुढं होता."

"आणि मग?"

"मंग मी गेलो."

मला काही कळेना. दादा मान वर न करता म्हणाला, "तू लिव गं बाय, पयला हरेश्वर. बाकीचं कशाला इचारतेस?"

"तुझा नंबर कितवा होता दादा?"

"तेरावा."

"तेरा आकडा वाईटच," हरेश्वरदादा म्हणाला आणि दोघे उगाचच हसत सुटले. मी त्यांना सांगितले की हे हसण्यावारी नेण्याचे काम नाही, देशाच्या मान्यतेचा प्रश्न आहे. त्यावर दादाने मला पाना धरून उभे राहायला सांगितले.

जबलपूरच्या निकालात तर दादाला क्रमांकच नाही. "शर्यत पूर्ण केली नाही" एवढेच. पतियाळाला एकोणिसावा. सुरुवातीला पुढे पळायचे आणि नंतर दम तुटायचा, हे त्याचे असेच झाले. स्वभावाने तो उतावळा आहे. आई सांगते, लहानपणीही तो भात निवायच्या आत हात घालून बोटे भाजून घ्यायचा.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ वाटून आले. ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते.

मुंबईला कॉलेजात असताना वर्तमानपत्रात हरेश्वरदादाचा फोटो आला होता, गळ्यात हार घातलेला. मी तो वसतिगृहातल्या मैत्रिणींना दाखवला आणि सांगितले, "हा माझा भाऊ." कुणीतरी विचारले, सख्खा? मी हो म्हटले. त्याच शर्यतीत माझा सख्खा भाऊ होता आणि त्याचे नाव यादीत नव्हते. त्या महिन्यात तो मला भेटायला आला, चुरमुऱ्याचे लाडू घेऊन, तेव्हा मी त्याला फाटकाबाहेरच भेटले. आत बोलावले नाही. तो म्हणाला, "अभ्यास कर, मी चाललो." तो किती दुरून आला होता हे मी विचारलेही नाही.

चांगल्या कामाने वाईट काम धुतले जाते का, ते माहीत नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाले. दुपारी अक्षीला एका पालकांकडे जायचे होते. दादाच्या दुकानातली बायकांची सायकल घेतली. आई ओट्यावरून म्हणाली, "शिकल्याली बाय सायकलीवं पदर उडवीत चालली. लोकांना तेवढंच बघायला बरं." दादा म्हणाला, "चल, मीबी येतो, तिकडं एक रिम आणायची हाय."

दुपारी तिकडे जाताना वारा समोरून येतो. समुद्रावरून तिरका, खारा आणि दमट. नागाव संपेपर्यंत माझी छाती भरून आली. पायडल दाबले की सायकल जागच्या जागी उभी राहतेय असे वाटे. डोळ्यांत वाळू.

"माझ्या मागं ये," दादा म्हणाला. "अगदी चाकाला चाक. घाबरू नको. आनि माझ्या पाठीकडं बघ, रस्त्याकडं नको."

मी त्याच्या मागच्या चाकाशी गेले, आणि वारा बंद झाला.

कमी झाला असे नव्हे. बंद झाला. माडांच्या झावळ्या तशाच सळसळत होत्या, शेजारच्या शेतातला पेंढा उडत होता, दादाचा सदरा फुगून फडफडत होता, आणि त्याच्या पाठीमागे मी अशी चालले होते जशी कुणी खोलीत चालावी. पाय हलके झाले. मला चक्क गाणे सुचले. पुढे दादा हँडलवर वाकला होता, मान खाली, आणि त्याच्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता.

अक्षीच्या नाक्यावर उतरलो तेव्हा मला साधा दम लागला नव्हता. तो पायरीवर बसून धापा टाकत होता.

"दादा, नागपूरला तू हेच करत होतास?"

"हेच म्हंजी?"

"पाऊणशे मैल?"

"वारा कुणीतरी घ्यायलाच लागतो बाय. पावाच्या टायमाला आम्ही वाटून घ्यायचो. नागावपातूर तो, अक्षीपातूर मी. शर्यतीत तसं जमत न्हाय. तिथं एकानं घ्यायचा आनि एकानं राखून ठेवायचं. त्याच्या पायात शेवटची दोन मैलं हायत. माझ्यात न्हायत."

"कुणी ठरवलं असं?"

"पायांनी," तो म्हणाला आणि रिम आणायला गेला.

पालकांशी मी काय बोलले ते आठवत नाही.

२८ जानेवारी

शाळा सुटल्यावर अलिबागला जाऊन हरेश्वरदादाला कचेरीच्या आवारात पकडले. जबलपूरचे विचारले. तो आधी टाळत होता.

"सत्तर मैलांवर माझं मागलं चाक गेलं. सदूनं आपलं काढून दिलं. पाच मिनटंबी लागली न्हाईत. मी गेलो. तो माझं फुटकं चाक आनि चाक नसल्याली सायकल घेऊन रस्त्याकडंला बसला. सांजच्याला एक ट्रकवाला त्याला घेऊन आला. मला हार घातले तवा तो आलाबी नव्हता."

"हे तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"सगळ्यांना सांगितलं. समद्यांनी 'वा वा' म्हटलं आनि फोटू माझा काढला." मग म्हणाला, "तुलाबी बारा तारखेला सांगितलं व्हतं गोदू, सदू पुढं होता म्हनून. तू इचारलंस, नंबर कितवा."

घरी आले. जेवले नाही. आईला डोके दुखते म्हणून सांगितले. तो लाडू घेऊन फाटकाशी उभा होता, ते जबलपूरहून परतल्यावरच्या आठवड्यात.

२ फेब्रुवारी, रविवार

अर्ज मुंबईच्या सायकल संघटनेमार्फत दिल्लीला जातो. नमुना आला आहे. "खेळाडूचे नाव" यापुढे एक ओळ. "मिळवलेले क्रमांक" यासाठी चौकट. कुणासाठी किती वारा घेतला, याला जागा नाही.

आज संध्याकाळी दुकानात आमची तिघांची भांडणे झाली. हरेश्वरदादा म्हणाला, सदूचं नाव नसेल तर मी सही करणार नाही. सदूदादा म्हणाला, माझं नाव घातलंस तर अर्ज कचऱ्यात जाईल.

"तेराव्या नंबरवाल्याचं नाव दिल्लीला? हसतील की रं."

"हसूदे."

"आनि तुझी नोकरी?"

"असली नोकरी मला नको."

"तुला नको, तुझ्या बायकोला इचार. तिला शिपायाचा पगार पुरंना झालाय."

"माझ्या बायकोचं नाव काढू नको."

"मंग माझंबी काढू नको."

मी मध्ये पडले. म्हटले, अर्जात नाव एकट्या हरेश्वरदादाचे राहील, कारण ओळ एक आहे. पण सोबत मी एक पत्र जोडीन, आणि त्यात सगळे खरे लिहीन. निवड करणाऱ्यांना खेळ कळत असेल तर त्यांना पत्रही कळेल. हरेश्वरदादाने विचार केला आणि सही केली. "पत्र जाणार पण," तो दोनदा म्हणाला.

सदूदादाने एका सायकलची चेन काढून रॉकेलच्या डब्यात टाकली.

७ फेब्रुवारी

पत्र पूर्ण झाले. दोन पाने. मुद्दाम मराठीत लिहिले. मुंबईची संघटना आहे, मराठी वाचता यायला हवे. पाच वेळा खोडून लिहिले. अलंकार सगळे काढले. एक वाक्य मात्र राहू दिले: "पहिल्या आलेल्या माणसाच्या पुढे कुणीतरी होते, आणि ते कुणालाच दिसले नाही, कारण सगळे शेवटच्या रेषेपाशी उभे होते." हे वाक्य मला बरे जमले आहे असे वाटते. शेवटी लिहिले की मी ज्याच्याविषयी लिहीत आहे तो माझा सख्खा भाऊ आहे. तसे लिहायची गरज नव्हती. पण लिहिले.

दादाला दाखवले नाही. लाज वाटली.

८ फेब्रुवारी, शनिवार

पाकीट खळ लावून बंद केले. दादाला अलिबागला जायचेच होते, म्हणून त्याच्याकडे रजिस्टर करायला दिले. बारा वाजेपर्यंत येईन म्हणाला, तो अडीचला आला. पावती व्यवस्थित आणली. एवढा वेळ कुठे होतास विचारले तर म्हणाला, गर्दी होती. बोटांना काहीतरी पांढरे वाळलेले होते. दुकानातले पंक्चरचे सोल्युशन असेल, ते कधीच नीट धूत नाही.

आता दिल्लीवर सगळे.

२ मार्च

संघटनेचे उत्तर! "अर्ज, तीन प्रमाणपत्रे व छायाचित्र मिळाले. अर्ज नियमाप्रमाणे पूर्ण असून पुढे पाठवण्यात येत आहे."

पत्राचा उल्लेख नाही. शब्दसुद्धा नाही. दोन पानांची एवढी मेहनत, आणि यांनी ती बाजूला काढून फेकली असणार. ओळीत बसत नाही ते यांना दिसतच नाही. मी संतापून तिथल्या तिथे उत्तर लिहायला घेतले. दादा म्हणाला, "जाऊ दे. अर्ज पुढं गेला ना?"

"तुझ्याविषयीचं पत्र गेलं नाही दादा!"

"गेलं न्हाय तर गेलं न्हाय. तू आता मुलांच्या परीक्षेचं बघ."

हरेश्वरदादाला मी उत्तर दाखवले. त्याने ते वाचले, मग दुकानाकडे बघितले, मग परत वाचले. "लबाड," एवढेच म्हणाला. संघटनेला म्हणाला असावा. मला धीर आला, निदान एकाला तरी माझ्याइतका राग आला.

१९ एप्रिल

पेपर तपासून संपले.

आज दुकानात दोन गिऱ्हाइके क्रिकेटवरून भांडत होती. शतक कुणाचे मोठे. सदूदादा ब्रेक बसवता बसवता सहज म्हणाला, "पयल्या आल्याल्या माणसाच्या पुढं कुणीतरी असतं. ते दिसत न्हाय, कारण समदे शेवटच्या रेघंशी हुभे असतात."

मी थक्क झाले. जवळजवळ माझेच वाक्य! भावाबहिणींची मने अशी एकसारखी चालतात. त्याला म्हटले, "दादा, हे तुला कसं सुचलं?" तो लालबुंद झाला आणि म्हणाला, "अगं, असंच." एवढा हुशार माणूस चौथीत शाळेतून काढला, याचे पुन्हा वाईट वाटले.

३० नोव्हेंबर, सोमवार

संघटनेचे दोन ओळींचे पत्र आले. हरेश्वरच्या नावाची शिफारस झाली होती. निवड झाली नाही. यंदाही सायकलला काही नाही असे कळते.

मी पत्र घेऊन दुकानाशी गेले. हरेश्वरदादा तिथेच बसला होता. वाचून त्याने ते घडी करून खिशात ठेवले.

सदूदादाने हातातले काम टाकले. मी त्याला असा कधी बघितला नव्हता. "आता तर काय आडवं येणारं नव्हतं," तो म्हणाला. "आता तर नाव एकटंच होतं."

"व्हय," हरेश्वरदादा म्हणाला. "एकटंच होतं. म्हनून तर मला वाईट वाटत न्हाय. एकटा मी कवा निवडून येण्यासारखा होतो?"

हे काय बोलणे झाले ते मला समजले नाही. पण दादा उठून मागच्या दाराने विहिरीवर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. परत आला तेव्हा हरेश्वरदादाने त्याला विडी दिली.

हरेश्वरदादाला तीस वर्षे पूर्ण झाली. कारखान्याचे दार बंद झाले. त्याचा मेहुणा मुंबईच्या गिरणीत बदली कामगार म्हणून लावून देतो म्हणतो. जानेवारीत जाणार.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला उगाच त्या पावाच्या पेट्यांचा खडखडाट ऐकू येतोय असे वाटले. आईला विचारले, त्या पेट्या कुठे गेल्या? "एकीत तांदूळ हायत," ती म्हणाली. "दुसरी गंजली."

२० डिसेंबर, रविवार

चौलच्या दत्ताच्या जत्रेनिमित्त आज सायकल शर्यत झाली. रेवदंड्याच्या वेशीपासून अलिबागच्या मैदानापर्यंत, दहा मैल. हरेश्वरदादा जायच्या आधीची शेवटची, म्हणून दोघांनी नावे दिली. सतरा जण होते. मला शिक्षिका म्हणून निकाल लिहायला बसवले: टेबल, छापील तक्ता, टाक आणि दौत. समोर मैदानावर चुन्याची रेघ.

पंच गुणाजी मास्तर, कुलाबा जिल्ह्याचे जुने आखाडेबहाद्दर. ते म्हणाले, "हरेश्वर जिंकणार. यात लिहायचं काय आहे? आधीच लिहून ठेव."

दुपारी चारला वारा जोरात होता. माणसांनी टोप्या धरल्या होत्या. आधी धूळ दिसली, मग दोन सायकली. पुढे हरेश्वरदादा होता. हँडलवर वाकलेला, मान खाली, सदरा फुगलेला. त्याच्या चाकाला चाक लावून सदूदादा. सदूदादाचा सदरा अंगाला नीट चिकटलेला होता. लोकांनी हरेश्वरच्या नावाने ओरडायला सुरुवात केली. मी उभी राहिले. मला दिसले होते.

रेघेपासून शंभर पावलांवर हरेश्वरदादा बाजूला झाला आणि हाताने खूण केली: जा.

सदूदादा गेला नाही. तो त्याच्याबरोबर बाजूला झाला.

"अरे जा की, गाढवा!" हरेश्वरदादा ओरडला. आम्हाला रेघेपाशी ऐकू आले.

"तू जा!"

"मी आणलंय तुला इथवर, आता जा!"

"मला ठाव न्हाय कसं जायचं ते!"

"पायडल मार, आनि काय!"

दोघांच्या सायकली हळू होत होत डगमगू लागल्या. एक पाय खाली टेकतो की काय अशी वेळ आली. लोक हसू लागले, काही शिव्या देऊ लागले. गुणाजी मास्तर खुर्चीवर चढले. आणि तेवढ्यात मागून अक्षीचा धर्मा, जो आजवर कधी सहाव्याच्या वर आला नाही, डोळे मिटल्यासारखा, जीव खाऊन पायडल मारत दोघांच्या मधून निघून गेला आणि रेघ ओलांडून थेट गर्दीत घुसला.

"मी कितवा?" त्याने उतरल्या उतरल्या विचारले.

"पयला रं!"

"थट्टा करू नका."

हरेश्वरदादा इतका हसत होता की त्याला सायकल सावरेना. सदूदादाही हसत होता. त्या हसण्यातच दोघे रेघेवरून आले, हँडलला हँडल लागलेले. कुणाचे चाक आधी, ते देवालाच ठाऊक.

गुणाजी मास्तर रागावले होते. "दुसरा कोण? एक नाव सांगा!"

"मास्तर, मी दिसलं तसं लिहिते," मी म्हटले. पहिल्या ओळीवर धर्माचे नाव घातले. दुसऱ्या ओळीवर अक्षर बारीक करून दोन नावे बसवली: सदाशिव रावजी आणि हरेश्वर दयाराम. तिसऱ्या ओळीवर आडवी रेघ मारली. मास्तरांनी चष्मा पुसला, तक्ता वाचला, माझ्याकडे बघितले आणि सही केली.

धर्माला फेटा बांधला. तो रडत होता.

संध्याकाळी नागावला परत निघालो. मी बायकांची सायकल घेतली होती. आता वारा पाठीमागून होता, म्हणून कुणालाच पुढे राहावे लागले नाही. रस्ताभर तिघे बाजूबाजूने आलो. समोरून एक बैलगाडी आली, तिचा गाडीवान ओरडला, रस्ता तुमच्या बापाचा का, आणि तरी आम्ही एकामागे एक झालो नाही.